फोटोखालची ओळ

(शाळा सुटून गेली आहे. मुख्याध्यापिकेची, म्हणजे मोठ्या बाईंची खोली. समोर पाचवीच्या वयस्कर वर्गशिक्षिका, बाई. टेबलावर वर्गावर्गाच्या फोटोंचा गठ्ठा.)

बाई: छान आलाय गं फोटो. पोरं कशी शहाण्यासारखी उभी राहिलीत. एरवी घटकाभर एका जागी टिकत नाहीत. फोटोवाल्याने काय जादू केली कोण जाणे.

मोठ्या बाई: बाई...

बाई: आणि गणवेशसुद्धा सगळ्यांचे कसे कडक इस्त्रीचे. दृष्ट लागेल माझ्या पाचवीला.

मोठ्या बाई: बाई, हा सातवीचा फोटो आहे.

बाई: काय?

मोठ्या बाई: गठ्ठ्यातून चुकून सातवीचा दिला गेला तुम्हाला. पाचवीचा हा इथे, माझ्यासमोरच राहिलाय.

बाई: अगं, मग आधी सांगायचं ना. चष्म्याशिवाय मला काय कळणार आहे.

मोठ्या बाई: चष्मा तुमच्या नाकावर आहे.

बाई: हो की. बघ, वय झालं. सकाळचा पाठ तपासणीच्या साहेबांना आवडला का, तेवढं सांग, मग मी निघते. उजेड आहे तोवर घरी पोचलेलं बरं.

मोठ्या बाई: फार आवडला. माहितीचा धडा असा शिकवताना कुठे बघितला नाही म्हणाले. पोरं वाचण्याआधी पान सांगतात काय, मथळ्याचा प्रश्न करतात काय. इतर शाळांतल्या शिक्षकांना तुमच्या वर्गात बसवायचं म्हणत होते.

बाई: बघ. आणि तू उगाच काळजीने अर्धी झाली होतीस.

मोठ्या बाई: मी मागच्या बाकावर पुस्तक उघडून बसले होते, बाई.

बाई: तू? माझ्या वर्गात होतीस तेव्हा कधी उघडलं नाहीस. उघडलंस ते चित्रांना मिशा काढायला.

मोठ्या बाई: आणि तुम्ही शिक्षा म्हणून प्रत्येक चित्राखालची ओळ मोठ्याने वाचायला लावली होतीत.

बाई: शिक्षा कसली. चित्रात दिसतं ते सांगायला ती ओळ नसतेच. दिसत नाही ते सांगायला असते. ज्याला मिशा काढतोय तो माणूस कोण आहे, एवढं तरी तुला कळावं म्हणून.

मोठ्या बाई: अजून लक्षात आहे माझ्या. बाई, आज मधमाशीच्या धड्यात तुम्ही म्हणालात, उजव्या कोपऱ्यातली चौकट वाचा.

बाई: 'माहीत आहे का'ची चौकट. चष्मिशने वाचली की. खणखणीत वाचली.

मोठ्या बाई: यंदाच्या पुस्तकात ती चौकट नाही.

बाई: असं कसं होईल? मी किती वर्षं...

मोठ्या बाई: पुस्तक बदललं ना यंदा. धडा तोच ठेवलाय, चौकट काढून तिथे पोळ्याचं चित्र टाकलंय. आधी वाटलं, मीच भलतं पान उघडून बसलेय. ती पोरगी मात्र पानावर बोट ठेवून, एका शब्दाला न अडखळता, नसलेली चौकट वाचत होती. आणि वर्गातलं एक पोर हसलं नाही, बाई. एकही नाही. सगळी खाली मान घालून पोळ्याच्या चित्राकडे बघत होती.

बाई: पाणी आहे का गं जरा?

मोठ्या बाई: हे घ्या. इकडे. हं, हातात देते.

बाई: साहेबांना कळलं?

मोठ्या बाई: त्यांच्याकडे पुस्तक नव्हतं. बाई, कधीपासून?

बाई: मागच्या उन्हाळ्यापासून. आधी अक्षरं मधूनच खाल्ल्यासारखी व्हायची. वाटलं, नंबर वाढला. डॉक्टर म्हणाले, डोळ्यातल्या पडद्याचा मधला भाग गेलाय. कडेकडेचं राहील. सरळ बघितलं की मधोमध डाग असतो. आत्ता तुझ्याकडे बघते ना, तर तुझे हात आहेत, पदर आहे, तोंड नाही. त्या कपाटाकडे बघितलं की तू थोडीशी दिसतेस.

मोठ्या बाई: म्हणून माझ्याशी बोलताना तुम्ही कपाटाकडे बघता?

बाई: मग काय. कपाट काय तुझ्यापेक्षा देखणं आहे?

मोठ्या बाई: मला वाटायचं, मी या खुर्चीत बसले ते तुम्हाला रुचलं नाही. वर्षभर वाटत होतं. घरी जाऊन रडलेसुद्धा एकदोनदा.

बाई: वेडी का गं तू. तुला बघायचं म्हणूनच तर तिकडे बघायची.

मोठ्या बाई: मला सांगायचं होतंत.

बाई: सांगितलं असतं तर तू वर्गावर ठेवलं असतंस? नसतंस ठेवलं, आणि बरोबरच केलं असतंस. देवापुढे रोज बसते मी. डोळे नाही मागितले. मागावेसे वाटले, पण नाही मागितले. एवढं वर्ष मागितलं. एवढी पाचवी हातावेगळी होऊ दे, मग तू म्हणशील तसं.

मोठ्या बाई: आणि ते पान सांगणं?

बाई: ते काही मी फार विचार करून काढलं नाही गं. पान मला दिसत नव्हतं, म्हणून पोरांना विचारायला लागले. मथळा काय आहे? खाली छोटे मथळे किती? जाड अक्षरांतले शब्द कुठले? आणि मग बघते तर पोरांना धडा वाचायच्या आधीच कळायला लागला. गोष्ट पहिल्या ओळीचा हात धरून चालते. माहितीच्या धड्याचं तसं नाही. तिथे नव्या घरात शिरल्यासारखं आधी हिंडून बघावं लागतं. हे स्वयंपाकघर, ही माडी, हा जिना. इतकी वर्षं मी ते घर स्वतःच दाखवत फिरले. यंदा पोरांनी मला हात धरून फिरवलं. तो शेवटच्या बाकावरचा घुम्या माहितीये ना? दोन वर्षं ज्याच्या तोंडातून शब्द फुटला नव्हता? परवा त्याने मथळ्याचा प्रश्न केला. 'पोळ्याची रचना' म्हणजे, बाई, पोळं कोण बांधतं आणि कसं, हे पुढे सांगणार असतील ना? मी म्हटलं, वाच आणि मला सांग. तर वाचलं त्याने. आपलं आपण.

मोठ्या बाई: मी ऐकलं आज त्याला. ओळखला नाही मी आवाज. कोण आहे गं दारात? ये ना आत.

चष्मिश: मी आहे, मोठ्या बाई. पाचवीच्या फोटोखालची ओळ आणली. तुम्ही म्हणाला होतात ना, प्रत्येक वर्गाने आपली आपण लिहून आणायची.

मोठ्या बाई: ये, बस. मधमाशीच्या धड्यातली चौकट फार छान वाचलीस आज.

चष्मिश: हो.

मोठ्या बाई: कुठल्या पानावर आहे गं ती?

चष्मिश: आहे पुस्तकात. उजव्या कोपऱ्यात.

बाई: चष्मिश, माझ्यासाठी खोटं बोलायचं नाही. मोठ्या बाईंना कळलंय सगळं.

चष्मिश: आम्ही नाही सांगितलं, बाई. देवाशप्पथ, वर्गातल्या कुणीच नाही सांगितलं.

बाई: माहितीये मला. चौकट कुठून वाचलीस?

चष्मिश: माझ्या ताईचं जुनं पुस्तक आहे घरी. तुम्ही जुन्या पुस्तकातलं सांगता हे आमच्या लक्षात आलं. मग ज्यांच्या घरी जुनं पुस्तक आहे त्यांनी चौकटी पाठ करायच्या, असं ठरलं. ही मला आवडतेपण. एका मधमाशीला आख्ख्या आयुष्यात चमचाभरसुद्धा मध जमवता येत नाही.

बाई: आणि कधी कळलं तुम्हाला?

चष्मिश: पावसाळ्यात. तुम्ही फळ्यावर लिहिलेल्यावरच परत लिहिलंत. खूप वेळ लिहीत होतात. सगळं एकात एक झालं. आम्हाला काहीच वाचता येईना, पण आम्ही वहीत लिहिल्यासारखं केलं. मग मधल्या सुट्टीत घुम्या म्हणाला, बाईंना पान दिसत नाही, आपण सांगू या.

बाई: घुम्या म्हणाला?

चष्मिश: हो. तुम्ही तर नुसते मथळे नि जाड शब्द विचारायचात. मग त्यानेच सुरू केलं की चित्र कुठे आहे, खाली काय लिहिलंय, बाण कुठून कुठे गेलाय, सगळं सांगायचं. त्याला नीट वाचता यायचं नाही ना, म्हणून तो घरी रात्रीच पान बघून ठेवायचा. तुम्हाला सांगताना अडायला नको म्हणून.

मोठ्या बाई: बाई, रुमाल घ्या.

बाई: असू दे. आणखी काय काय करता गं माझ्यासाठी?

चष्मिश: काही नाही, बाई. दप्तरं वाटेतून उचलून ठेवतो. तुम्ही खिडकीकडे बघितलंत की सरळ बसतो, कारण तेव्हा तुम्ही आमच्याकडे बघत असता. आणि मागे छोटूच्या नाकातून रक्त आलं ना, तेव्हा त्याला आम्ही मागच्या मागे नळावर नेलं. त्याचा सदरा धुतला. तुम्हाला कळूच दिलं नाही.

बाई: रक्त आलं होतं?

चष्मिश: खूप नाही. म्हणजे, आलं होतं. फरशी पुसली आम्ही. तुम्ही शिकवत होतात.

बाई: मी शिकवत होते.

मोठ्या बाई: मला त्याच्या आईकडून कळलं. मी तुम्हाला विचारणार होते...

बाई: पोर रक्ताने भरलं होतं आणि मी शिकवत होते.

चष्मिश: तो रडला नाही, बाई. आम्ही त्याला सांगितलं होतं रडू नको म्हणून.

बाई: तेच गं. तेच. मोठ्या बाई, उद्यापासून पाचवीवर दुसरं कुणीतरी बघा.

मोठ्या बाई: परीक्षेपर्यंत मी जोडीला कुणीतरी देते. तुम्ही नुसत्या बसा वर्गात. मी करते काहीतरी.

बाई: नको. मी नुसती बसले तरी पोरं माझ्याकडेच लक्ष ठेवतील. नाकातलं रक्त गिळतील आणि बसतील. मी देवाकडे वर्ष मागितलं, तेव्हा ते कुणाच्या वाटचं देतोय हे नाही विचारलं त्याला.

मोठ्या बाई: बाई, मी या खुर्चीत नसते ना...

बाई: असायलाच हवीस. तू आहेस म्हणून निदान हे तुझ्या तोंडून ऐकलं. रडू नकोस आता, पोरीसमोर. मिशा काढायचीस तेव्हा नाही रडलीस, धपाटा खाऊनसुद्धा.

चष्मिश: बाई, आम्ही चौकट पाठ केली म्हणून का?

बाई: नाही गं बाळा.

चष्मिश: आम्ही परत नाही करणार. जे आहे तेच वाचू.

बाई: तुम्ही काहीही चुकीचं केलेलं नाही. नव्या बाई येतील. त्यांना फळा दिसेल, तुम्ही दिसाल. छोटू दिसेल.

चष्मिश: मग पान कुणाला सांगायचं?

बाई: एकमेकांना सांगा.

चष्मिश: आम्हाला दिसतंच ना पान.

बाई: तरी सांगा. सांगितल्याशिवाय नीट बघितलं जात नाही. घुम्याला विचार. आणि वर्गात कुणी नवं आलं, ज्याला पान बघून भीती वाटते, त्याला सांगा. आधी मथळा. त्याचा प्रश्न करायचा. मग छोटे मथळे. मग चित्र...

चष्मिश: मग चित्राखालची ओळ.

बाई: मग चित्राखालची ओळ.

मोठ्या बाई: बाई, पाचवीच्या फोटोचं एक बोलायचं होतं. फोटोवाल्याला सांगून मी दुसरा काढून घेते. या फोटोत सगळी समोर बघताहेत आणि तुम्ही तेवढ्या भलतीकडे बघताय. भिंतीवर लागणार आहे तो, कायमचा. लोक काहीतरी बोलतील.

बाई: दुसरा कशाला आता. चष्मिश, घे तो फोटो हातात. पान सांग मला.

चष्मिश: फोटोला कुठे पान असतं, बाई.

बाई: सांग तर.

चष्मिश: वर मथळा नाही. तीन रांगा आहेत. सगळ्यात पुढे छोटू खाली बसलाय, त्याने दोन पायांत दोन वेगळे मोजे घातलेत. मधल्या रांगेत मी आहे. माझ्या चष्म्यावर उजेड पडलाय, डोळे दिसत नाहीत. घुम्या शेवटच्या रांगेत आहे, टाचा उंच करून उभा आहे, पण टाचा दिसत नाहीत, मला माहितीये म्हणून सांगते. खिडकी आहे. आणि डाव्या कडेला तुम्ही आहात.

बाई: मी काय करतेय?

चष्मिश: तुम्ही भिंतीकडे बघताय.

बाई: बरं. आणि खाली? काय लिहून आणलंत खाली?

चष्मिश: आम्ही सगळ्यांनी मिळून लिहिलंय. वाचू?

बाई: वाच.

चष्मिश: इयत्ता पाचवी. बाई आमच्याकडे बघत आहेत.