सोजरबाईचा हात

(सोजरबाईच्या घरी. शेजारची शिवबाई येऊन बसली आहे.)

सोजरबाई : तुमीच म्हणाला की अक्का, जखम वाळली, आता येऊ नको म्हणून.

शिवबाई : खोटं बोलले मी.

सोजरबाई : मग चार दिवस अण्णांची पट्टी कुणी बदलली?

शिवबाई : मीच. चिकटून बसली होती. ओढली, तर नवी आलेली कातडी पण सुटून आली. ह्यांना पत्ता नाही. शुगरनं पाय बधिर. पेपर वाचत बसले होते.

सोजरबाई : आधी सलाईनच्या पाण्यानं भिजवायची, मग काढायची. दीड महिना तुमच्या म्होरं करत हुते की मी.

शिवबाई : तुझ्या हाताकडं कुठं बघत होते? ह्यांच्या तोंडाकडं बघत होते.

सोजरबाई : तोंडाकडं कशाला?

शिवबाई : तू यायच्या आधी दाढी करून बसायचे. तू आलीस की मिलच्या गोष्टी. कुणाचा माग बंद पडला, कोण साहेबाला काय बोललं. हसायचे. माझ्यासंगं पन्नास वर्षांत काय बोलले? भाजीत मीठ कमी आहे.

सोजरबाई : अक्का, माझं मालक आन् अण्णा एकाच खात्यात हुते. मालक जाऊन अकरा वर्सं झाली. आमच्या पोरांना त्यांचं काय बी ऐकायचं न्हाय. अण्णा त्यांचं नाव काढत्यात, म्हणून मी जरा जास्त बसते.

शिवबाई : हे मला कधी बोलली नाहीस.

सोजरबाई : तुमी इचारलं न्हाय.

शिवबाई : सोजरा, ती गरम पाण्याची पिशवी मी ठेवली होती. पाय गार पडले म्हणून. पाणी किती कढत आहे, हात लावून बघितलं नाही. भाजलं मी, आणि बरं करायलीस तू. रोज तेच बघत बसायचं. नाही सोसलं मला.

सोजरबाई : जखमेला वास येतोय?

शिवबाई : कालपासून. सकाळपासून ह्यांचं अंग पण तापलंय.

सोजरबाई : मग हितं काय बसलाय? उठा. वीस वर्सं दवाखान्यात आया हुते मी, ह्यात माझा हात न्हाय चालायचा. आधी डाक्टर. रिक्षा बोलावते.

(तीन आठवड्यांनी, शिवबाईच्या घरी. तिचे पती ईरप्पा पाय पाटावर ठेवून पेपर वाचत आहेत. दोघी खाली बसल्या आहेत.)

सोजरबाई : भिजू द्या अजून. आपोआप सुटंल. सुटली बगा. लाल दिसतंय, चांगलं हाय.

शिवबाई : डॉक्टर म्हणाले होते, दोन दिवस उशीर झाला असता तर बोट गेलं असतं.

सोजरबाई : न्हाय ना गेलं? मलम लावा. गाठ बाजूला मारा, जखमेवर नको.

ईरप्पा : झालं का सोजरबाई? तुमचा हात लई हलका. कळत पण नाही.

सोजरबाई : अण्णा, आज समदं अक्कांनी केलं. मी नुसती बगत हुते.

शिवबाई : बधिर पायाला हात हलका का जड, कसं कळायलंय तुम्हाला?

ईरप्पा : आपलं बोललो मी. बरं बांधलंस की.

सोजरबाई : निगते मी, अक्का. उद्यापास्नं माजी गरज न्हाय.

शिवबाई : बस. चहा ठेवते. आणि तुम्ही तो पेपर ठेवा खाली, हिच्या मालकांचं काहीतरी सांगा हिला. जरा मोठ्यानं सांगा, मला आत ऐकू आलं पाहिजे.