हुबेहूब आवाज

धाकटा : ...ओळखलं का पण कुणी? एकाने तरी? ताई, तू दोन दिवस डोळ्याच्या ऑपरेशनला गेलीस आणि गावात कुणाला पत्ता नाही! आपल्या रेडिओवर सकाळ-संध्याकाळ तुझाच आवाज. अगदी हुबेहूब.

ताई : माझा आवाज तू कुणाला विचारून दिलास?

धाकटा : बाबांच्या कपाटातल्या तुझ्या जुन्या टेपा दिल्या कंपनीला, त्यावरून त्यांच्या यंत्राने तुझा आवाज उचलला. स्टेशन दोघांचं, तर टेपाही दोघांच्याच.

ताई : आणि घसा? तोही बाबांनी दोघांत वाटून दिला होता का?

धाकटा : झालं सुरू. अगं, चाचणी होती ती. कंपनी स्टेशन विकत घेतेय, तेही तुझं नाव आणि तुझा आवाज ठेवून. तू आपली घरी आराम करायचास, बोलेल यंत्र. इतका मान आजकाल कोण देतं?

ताई : मान! मेलेल्या वाघात पेंढा भरून दिवाणखान्यात ठेवतात, तोही मानच म्हणायचा.

धाकटा : आपल्याला ऐकतं कोण, सांग ना. हरवलेली शेळी, पाणी कधी येणार, कुणाचे आजोबा गेले. दहा-वीस म्हातारी माणसं आणि एक न्हावी! पोरं सगळं फोनवर ऐकतात.

ताई : त्याच न्हाव्याच्या खुर्चीत बसून तू रेडिओचा मालक म्हणून मिरवतोस. बरं, आज स्टेशन बंद का? घरून निघाले तेव्हापासून नुसती खरखर ऐकतेय.

धाकटा : ते तुझ्या लाडक्या मिस्त्रींना विचार. सकाळी आले, ट्रान्समीटर बंद केला, खोलीला कुलूप ठोकलं आणि किल्ली खिशात घालून पायरीवर बसलेत. डोकं फिरलंय त्यांचं.

ताई : सव्वीस वर्षांत त्या माणसाने एक सकाळ चुकवली नाही. मिस्त्री! अहो, आत या बघू.

(मिस्त्री दारापर्यंत येतात, आत येत नाहीत.)

मिस्त्री : बोला.

ताई : उन्हात काय बसलात? झालं तरी काय?

मिस्त्री : बाई, हे तुम्ही विचारताय? वाचलंत तर तुम्हीच.

ताई : काय वाचलं मी?

मिस्त्री : माझी अक्का गेली. परवा दुपारी.

ताई : अक्का? शिवण शिकवायच्या त्या? अहो मिस्त्री...

मिस्त्री : आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. मी चिठ्ठी लिहून तुमच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, बाई वाचतील. काल संध्याकाळी घर माणसांनी भरलेलं. सगळ्यांना गप्प करून रेडिओ लावला. आणि तुम्ही वाचलंत. साबण विकावा तसं, हसत हसत. वर शेवटी म्हणालात, "तर मंडळी, दिवस मस्त घालवा, मूड एकदम फ्रेश ठेवा!"

ताई : आणि तुम्हाला वाटलं, ती मी.

मिस्त्री : आवाज तुमचाच होता, बाई. परवा सकाळी ट्रान्समीटरच्या खोलीतही तोच ऐकू आला. दुसऱ्या कुणी वाचलं असतं तर एक शिवी हासडून मोकळा झालो असतो.

धाकटा : अहो, तांत्रिक चूक आहे ती! दुःखाच्या बातमीला वेगळं बटण असतं, ते दाबायचं राहिलं. पुढच्या वेळी...

ताई : पुढच्या वेळी कोण जायचंय? यादी केलीस का? तू काल हे ऐकलंस तरी?

धाकटा : मी कुठे ऐकतो आपलं स्टेशन?

ताई : वा, मालक! मिस्त्री, दोन दिवस मी इस्पितळात डोळ्याला पट्टी बांधून पडले होते. वाचलं ते यंत्राने. या माझ्या भावाने माझा आवाज परस्पर देऊन टाकला.

मिस्त्री : यंत्राने? साहेब, सकाळपासून चार वेळा माझ्या अंगावरून गेलात तुम्ही. एकदा सांगायचं नाही?

धाकटा : तुम्ही विचारलंत कुठे?

ताई : बघा. यंत्र परवडलं, त्याला बटण तरी असतं.

धाकटा : टोमणे पुरे. कागद बॅगेत आहेत, तुझी तेवढी सही...

ताई : नाही करणार.

धाकटा : अगं, तू एकसष्टची, यंत्रसामग्री मिस्त्रींच्या वयाची. दोन वर्षांत हे आपोआप बंद पडेल.

ताई : पडेल. कदाचित वर्षातच पडेल. तेव्हा मीच इथे बसून लोकांना तसं सांगेन. तू टेपा परत आण.

धाकटा : आणून उपयोग काय? आवाज गेला त्यांच्याकडे.

ताई : मग लिहून दे त्यांना, की बहिणीला न विचारता दिला. आणि खाली सही कर. सहीसाठी तुझेच हात शिवशिवतायत ना?

धाकटा : मूर्ख आहात दोघं. बसा शेळ्या शोधत!

ताई : जाताना दार लावून घे. ...मिस्त्री, ती चिठ्ठी या टेबलावर दिसत नाही.

मिस्त्री : आज सकाळी केरात सापडली. खिशात आहे माझ्या. पुन्हा वाचणार?

ताई : वाचणार. काल काय झालं ते आधी सांगणार, मग वाचणार. किल्ली द्या.

मिस्त्री : राहू द्या, मीच चालू करतो. तापायला दहा मिनिटं घेईल.

ताई : तोवर अक्कांबद्दल सांगा. ऐकायच्या का हो आपल्याला?

मिस्त्री : ऐकायची कुठली. चार वर्षांपूर्वीच कान गेले तिचे. तरी रोज सकाळी रेडिओ लावायला सांगायची आणि वर तळहात ठेवून बसायची. तुम्ही बोलायला लागलात की हाताला कळायचं तिच्या. म्हणायची, "आल्या."