छतावरचा डाग

इवाना : खाली उतर, ओरेस्ते. मखमलीची खुर्ची आहे ती.

ओरेस्ते : बूट काढलेत मी.

इवाना : उपकार झाले. कोमो तळ्याच्या काठावर जन्म गेला, तर एकदा या व्हिलातल्या हॉटेलात पाहुणी म्हणून राहावं म्हटलं. आणि माझा नवरा सकाळी उठून चमच्याने छत खरवडतोय.

ओरेस्ते : छत माझं आहे.

इवाना : छत हॉटेलचं आहे. तू गिलावा केलास.

ओरेस्ते : तीन हिवाळे, पाठीवर पडून. नक्षीतले हे द्राक्षांचे घड बघ, एकसुद्धा साच्यातून काढलेला नाही. आणि त्यांच्या मधोमध हा डाग. ताटाएवढा.

इवाना : काल आल्यापासून डागच बघतोयस. तळं बघितलंस का?

ओरेस्ते : खिडकी उघडत नाही, कुलूप आहे.

इवाना : काचेतून दिसतं.

ओरेस्ते : हे बघ, पापुद्रा निघाला. चुना असा निघतो का कधी? चुन्याची भुकटी होते. यांनी वरून प्लास्टिकचा रंग फासलाय. ओल आत कोंडली, जाईल कुठे?

इवाना : दार वाजतंय. चमचा खिशात घाल.

(हॉटेलची व्यवस्थापक लोरेदाना आत येते. हातात एक कागद.)

लोरेदाना : सुप्रभात. झोप छान लागली ना?

इवाना : मला लागली.

ओरेस्ते : हा रंग कुणी दिला?

लोरेदाना : डाग दिसू लागला म्हणून देखभालवाल्यांनी दिला. गालिंबेर्ती साहेब, मी त्याच संदर्भात तुमच्याकडे आले होते. एक छोटी सही हवी होती.

ओरेस्ते : कसली?

लोरेदाना : छत दुरुस्तीच्या पलीकडे गेलंय, एवढंच. सोमवारी याच्या खाली सपाट पांढरं छत बसवायचंय. जुन्या वास्तू जपणारं वारसा खातं म्हणतं, गिलावेवाल्याचं लेखी पाहिजे, शक्यतो ज्याने काम केलं त्याचं.

इवाना : म्हणजे हे दोन दिवस, ही खोली, ती फुलं... मला वाटलं, कामाची आठवण ठेवून बोलावलं.

लोरेदाना : तेही आहेच, बाई.

इवाना : मी शेजारणींना सांगून आले. नवा झगा शिवला.

ओरेस्ते : छत दुरुस्त होतं. रंग काढा, रोज पहाटे खिडक्या उघडा. बास. महिन्याभरात सुकेल.

लोरेदाना : खिडक्या उघडल्या की थंड हवेचं यंत्र बंद पडतं. शिवाय सहाला पहिली बोट जाते, पाहुणे आवाजाची तक्रार करतात.

ओरेस्ते : तू लेत्सेनो गावच्या पोंत्सिनीची मुलगी ना? होड्या दुरुस्त करायचा त्याची?

लोरेदाना : हो.

ओरेस्ते : तुझी आई पहाटे उठून आधी काय करते?

लोरेदाना : काका, ते घर आहे.

ओरेस्ते : काय करते?

लोरेदाना : खिडक्या उघडते. तिवानो आत येऊ देते. उन्हं चढली की बंद.

ओरेस्ते : डोंगरावरून येणारा तो कोरडा वारा आहे म्हणून या काठावरच्या भिंती तीनशे वर्षं टिकल्या. आणि तुम्ही त्याला कुलूप लावलंत.

लोरेदाना : मी नाही लावलं. आणि एक विचारू? खिडक्या बंद राहणार हे बांधकामाच्या नकाशात होतं. तुमच्याकडे नकाशा होता. तेव्हा का नाही बोललात?

इवाना : बोल आता.

ओरेस्ते : मला वाटलं, कुणीतरी बोलेल.

इवाना : असं नाही वाटलं तुला. तू घरी येऊन मला सांगितलंस, बोललो तर वास्तुकार चिडेल, काम दुसऱ्याला देईल.

ओरेस्ते : ...छत करायचं होतं मला. असं छत पुन्हा मिळालं नसतं.

लोरेदाना : मग मला कशाला बोलता? माझ्यावरही मालक आहेत. सोमवारी सुतार येणार. सही नसेल तर जाब मला द्यावा लागेल.

ओरेस्ते : सुतार छत बसवायला खिळे कुठे मारणार?

लोरेदाना : वर. नक्षीतूनच मारावे लागतील.

ओरेस्ते : मग सही नाही.

लोरेदाना : काका, ऐका. तुम्ही नुसतं नाही म्हणालात तर ते दुसऱ्या एखाद्या गिलावेवाल्याला आणतील. तो दोन मिनिटांत सही करेल. वारसा खात्याला कळणारसुद्धा नाही की छत वाचू शकत होतं.

ओरेस्ते : मग काय करू? इथेच खुर्चीवर उभा राहू?

इवाना : तो कागद दे इकडे, पोरी. हा वारसा खात्याकडेच जाणार ना?

लोरेदाना : आजच्या डाकेने. पण त्यावर फक्त सहीपुरती जागा आहे.

इवाना : मागची बाजू कोरी आहे. ओरेस्ते, बस इथे. रंगाचं लिही, वाऱ्याचं लिही.

ओरेस्ते : आणि पाठवेल कोण? हिची नोकरी आहे.

लोरेदाना : पाकीट मीच बंद करते. मागे काय लिहिलंय ते वाचायचं मला कुणी सांगितलेलं नाही.

(ओरेस्ते बसून कागदाच्या मागे लिहितो.)

ओरेस्ते : लिहिलं. रंग, खिडक्या, सगळं. घे.

इवाना : थांब. नकाशा बघून तू गप्प बसलास, ते कुठंय?

ओरेस्ते : ते कशाला?

इवाना : ते आधी लिही. मग बाकीचं खरं वाटेल.