मास्तरांनी केलेलं कौतुक

गणपा मास्तर, चहा प्या. आणि मंडळी, तुम्हीही ऐका, कौतुकानं पोराची शाळा कशी सुटते ते.

मी तिसरीत होतो. ऐन भातलावणीत आमचे मास्तर बांधावर येऊन आबांना म्हणाले, "पोरगं घडाघडा वाचतंय तुमचं."

आबांनी चिखलातूनच विचारलं, "कुटं अडत न्हाई?"

"अजिबात नाही."

"मग शिकून झालं की. उद्यापास्नं म्हशींमागं जाईल."

"अहो, ही तर सुरुवात आहे."

"फुडचं आमी बघतो, मास्तर."

माझ्याच वर्गातला हा गणपा मात्र ओळीओळीला अडखळायचा. मास्तर याच्या बापाकडे सारखी तक्रार करायचे, "अजून वाचता येत नाही", म्हणून हा शाळेतच राहिला आणि पुढं मास्तर झाला.

वाचन मीही सोडलं नाही. ऐकायला फक्त म्हशी होत्या.