पेंढ्याचं रेडकू

मंडळी, बसा. मागच्यांनी पुढे सरका. खांबाला टेकलेल्यांनी खांब सोडा — तो देवळाचा आहे, तुमच्यावाचून पडायचा नाही! आणि आता मला एक सांगा. पूर्वरंगात मी म्हटलं, प्राणिमात्राच्या ठायी देव आहे, तेव्हा सगळ्यांच्या माना हलल्या. छान! मग जनावराला नीती कळते का? बैलाला, म्हशीला, दारातल्या कुत्र्याला — हे खरं, हे खोटं, एवढं तरी कळतं का? पहिल्या रांगेतले काका हसले बघा. "बुवा, माणसालाच कुठं कळतं?" म्हणतात. काका, तुम्ही आख्यान आधीच ऐकलंय की काय?

हाच प्रश्न एका विद्वानाला पडला होता. नदीकाठचं गाव, गावात कॉलेज, आणि कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणारे प्राध्यापक त्र्यंबक निगुडकर. लग्न नाही, व्यसन नाही, सुपारीचं खांडसुद्धा नाही. बावीस वर्षं एकच ग्रंथ लिहीत होते. विषय काय? पशूंचं मन आणि पशूंची नीती! लोक टिंगल करायचे — "निगुडकर सर म्हशीची मुलाखत घ्यायला गेलेत!" करू द्या. माणूस ढोंगी नव्हता, बरं का. रस्त्यात बैलाला आसूड बसला की ह्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. वर्गात हात उंचावून सांगायचे, "मुक्या जिवाला फसवणं हा अपराध आहे. कारण त्याला कळतं!" हे वाक्य ध्यानात ठेवा. पुढे लागणार आहे.

घरात दोनच माणसं — सर, आणि त्यांची थोरली बहीण अक्का. आई गेली तेव्हा त्र्यंबक दोन वर्षांचा, अक्का आठची. ती शाळेत गेलीच नाही. कशी जाणार? कडेवर हा होता! पुढे लग्न झालं, नवरा गेला, आणि मुलाला घेऊन ती ह्याच भावाकडे परत आली. तेव्हापासून भावाचा स्वयंपाक, भावाचं धुणं, भावाचा चहा. अक्षर एक येत नाही; पण ग्रंथाचं पान वाऱ्यानं उडालं, तर पिठाच्या हातानं अंगणात धावायची. सरांना चहा करता येत नव्हता. चहा! म्हशीच्या अंतःकरणात शिरणारा माणूस, ह्याला चुलीत शिरता येईना!

अक्काचा मुलगा मुरारी. तो मालवाहू बोटीवर लागला, खाली इंजिनाच्या खोलीत. महिन्याला एक पत्र यायचं. अक्का पदराला हात पुसत उंबऱ्याशी बसायची. "आलं का रे त्र्यंबका? वाच." मामा वाचायचा. वाचून झालं की ती कागद हातात घ्यायची, नाकाशी धरायची, आणि डब्यात ठेवून द्यायची. कागदाला इंजिनाच्या तेलाचा वास असायचा आणि कोपऱ्यात काळा अंगठा. लेकराचा अंगठा हो!

आणि एक दिवस तार आली. कॉलेजच्या पत्त्यावर. मुरारी बोटीवरून समुद्रात पडला. देह सापडला नाही.

सर खुर्चीत बसले. भाचा अंगाखांद्यावर वाढलेला, रडले — मी नाही म्हणत नाही. पण डोळे पुसले आणि मनात पहिला विचार काय आला? सांगू? 'सातवं प्रकरण राहिलंय.' हां! अक्काला सांगितलं तर अक्का अंथरूण धरील. घर थांबेल. घर थांबलं की ग्रंथ थांबेल. बावीस वर्षं! एवढं प्रकरण होऊ दे, मग सांगू. तिच्याच भल्यासाठी! मंडळी, दुसऱ्याचं भलं आपल्या सोयीनं कसं नेमकं जुळून येतं, नाही?

महिनाअखेर आली. अक्का उंबऱ्याशी. "आलं का रे?" सरांनी टेबलावरचा एक कागद उचलला — ग्रंथाचाच, खाडाखोड केलेला — आणि वाचलं. "ती. आईस, मुरारीचा शिरसाष्टांग नमस्कार. मी इकडे खुशाल आहे…" सगळं मनातलं! वाचून झालं, अक्कानं हात पुढे केला. आता नाही कसं म्हणायचं? दिला कागद. तिनं नाकाशी धरला. जरा जास्त वेळ धरला. मग डब्यात ठेवला आणि म्हणाली, "चहा टाकते."

सुटलो, म्हणाले सर.

पुढे कंपनीकडून मुरारीची ट्रंक आली. ती कॉलेजात कपाटामागे गेली. दहावा नाही, तेरावा नाही. पोर मेलं, आणि आईला सुतक नाही!

आता सातवं प्रकरण कशावर, ऐका. ठकूबाई गवळणीची म्हैस होती, मोरणी. तिचं रेडकू चौथ्या दिवशी मेलं. रेडकू नसलं की म्हैस पान्हा सोडत नाही. मग गवळी काय करतात? शहरातल्या मंडळींना ठाऊक नसेल. मेलेल्या रेडकाचं कातडं सोलतात, त्यात पेंढा भरतात, चार काठ्यांचे पाय करतात, आणि उभं करतात आईपुढे. आई चाटते. दूध देते. आणि आपण त्याची बासुंदी करतो!

सर रोज सकाळी गोठ्यात वही घेऊन बसायचे. म्हैस फसते का? की कळून दूध देते? दोन महिने झाले, उत्तर सापडेना. शेवटी ठकूबाईलाच विचारलं.

ती धार काढताकाढता म्हणाली, "मास्तर, ती खुळी हाय व्हय? तिला पैल्याच दिशी कळलंया. वास येतूय का जित्या पोराचा? पर कातडं तर त्याचंच हाय न्हवं? तेवढंच उरलंया लेकराचं. म्हून चाटती."

सर थरारले! वहीत उतरवून घेतलं, घरी धावत आले, एका बैठकीत प्रकरण लिहिलं. 'पशुमातेला फसवणूक कळते. ती फसत नाही, ती सोसते.' काय वाक्य आहे! आणि पेन खाली ठेवतात तो दारात कोण? अक्का. महिनाअखेर होती. "आलं का रे?" सरांनी तेच ओलं पान उचललं आणि वाचलं — "ती. आईस, मी इकडे खुशाल आहे…"

मंडळी, ह्या माणसाला दिसलं नाही! गोठ्यात दिसलं, घरात दिसलं नाही. डोळे तेच होते ना? का गोठ्यातून येताना वहीबरोबर मिटून आणले?

पुढे प्रकरण तपासायचं राहिलं. मग छपाई. मग प्रकाशन. सांगायचा दिवस पुढे पुढे जात गेला आणि चौदा पत्रं झाली. एका सकाळी कॉलेजच्या सभागृहात समारंभ झाला. शाल, श्रीफळ, हार. सर उभे राहिले — "मुक्या जिवाला फसवणं हा अपराध आहे, कारण त्याला कळतं!" टाळ्यांचा कडकडाट! दुसऱ्या रांगेत अक्का. तिनंही टाळ्या वाजवल्या.

दुपारी घरी आले. चूल थंड. अक्का माजघरात जमिनीवर बसलेली, पुढे चौदा कागद ओळीनं मांडलेले. पहिल्याच कागदावर सरांच्या अक्षरात लिहिलं होतं — 'म्हैस फसते काय?' तिला ते वाचता येत नव्हतं. ह्यांना येत होतं!

"त्र्यंबका, ग्रंथ झाला ना रे पुरा?"

"झाला, अक्का."

"मग आता रडू का मी?"

अंगावरची शाल गळून पडली. बावीस वर्षं शब्दांत घालवलेल्या माणसाच्या तोंडून एवढंच निघालं, "अक्का… कधी कळलं तुला?"

"पहिल्याच कागदाला. तेलाचा वास नव्हता. शाईचा होता. तुझा."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुझं लिहिणं बसलं असतं. आणि कागद खोटा होता, पण नाव तर त्याचं होतं. महिन्यातून एकदा ह्या घरात कोणी 'मुरारी' म्हणत होतं. ते बंद झालं असतं तर मी कुठं जाणार होते ऐकायला?" मग पदर तोंडाला लावला आणि चौदा महिन्यांचं एकदम रडली. सर जवळ जायला उठले. तिनं हातानंच थांबवलं. म्हणाली, "तू जेवून घे बाहेर."

मंडळी, जनावराला नीती कळते का, हा प्रश्न होता. कळते! म्हशीला कळते, अक्काला कळते. ज्याला कळत नव्हती, त्याच्या खांद्यावर शाल पडली!

हसू नका, डोळेही पुसू नका. मला एवढंच सांगा — तुमच्या घरात कोणापुढे पेंढा भरून ठेवलाय? कोणाचा चहा, कोणाची भाकरी आटेल म्हणून खरं बोलायचं थांबलात? आणि तुमची खात्री आहे ना, की तिला कळलेलं नाही?

आता आरती. पण ज्याला घरी जाऊन कोणाला खरं सांगायचं असेल, त्यानं आरतीला थांबू नये. देव रागवायचा नाही, माझा शब्द. चला, उठा. मी थांबतो.

…कोणीच नाही?

बरं. वाजवा टाळ.