ओळीनं विचार ना

मुलगी : अशी मिठाची गुळणी धरून बसू नकोस हं, आई! परीक्षेत एकवीस शब्दांपैकी किती आले?

आई : आधी मावशीला पाणी दे.

मुलगी : मावशी, तुम्हीच सांगा. लाँड्रीत तर केव्हाच बोभाटा झाला असेल.

मावशी : मला कशाला मध्ये ओढतेस? जिन्यात हिला धाप लागली, म्हणून सोबत आले आपली.

मुलगी : आनंदानं लागली असेल! सोमवारपासून लाँड्री सोडून दवाखान्याच्या स्टोअरला आमच्या मातोश्री. खुर्ची, पंखा, धुतलेल्या गठ्ठ्यांवर इंग्रजी चिठ्ठ्या. ना वाफ, ना ब्लीचचा वास. डॉक्टर म्हणालेच होते, या छातीनं वाफेत आणखी वर्ष काढायचं नाही.

आई : नाही झाले गं पास.

मुलगी : थट्टा नको हं.

आई : थट्टा करायचं त्राण आहे का मला?

मुलगी : पण एकाचं अनेक करायचं, एवढंच तर होतं! सकाळी केस विंचरता विंचरता धडाधड म्हणालीस. मॅन-मेन, वुमन-विमेन, चाइल्ड-चिल्ड्रन, फूट-फीट, टूथ-टीथ...

मावशी : नाइफ-नाइव्ह्ज, बॉक्स-बॉक्सेस. मलासुद्धा पाठ झालंय बघ. महिनाभर चादरी पिळताना हेच भजन चाललंय हिचं.

मुलगी : मग? परीक्षेच्या मॅडमनी लाँड्रीच्या भिंतीवर लावलेल्या यादीबाहेरचं विचारलं ना? उद्या जाऊन भांडतेच त्यांच्याशी.

आई : यादीतलंच विचारलं. भांडायला जाऊ नकोस.

मावशी : सांग की तिला. झाकून किती दिवस ठेवशील?

आई : तू गप गं.

मावशी : नाही राहत गप. पोरी, मी गठ्ठा घेऊन दारातच उभी होते. मॅडमनी पहिलाच शब्द टाकला, नाइफ.

मुलगी : सोप्पा!

मावशी : ही निघाली मॅनपासून. मनातल्या मनात. नुसते ओठ हलतायत. टूथपर्यंत पोचतेय, तोवर मॅडम म्हणाल्या, पुढचा. बॉक्स. ही पुन्हा मॅनपासून. पाच शब्द विचारले, पाचही वेळा तेच. मॅडमना वाटलं, हिला ओ का ठो येत नाही.

मुलगी : पाढ्यासारखं घोकून घेतलं ना मी.

आई : म्हणून तर राहिलं डोक्यात. नाहीतर या खोक्यात काय शिरतंय?

मुलगी : एकदा उलटसुलट विचारलं होतं मी. एकदाच.

आई : तेव्हा मीच म्हणाले, दमलेय गं, ओळीनं विचार ना.

मुलगी : आणि मी ऐकलं! वर वर्गात मिरवलं, माझी पद्धत बघा, आईला पैकीच्या पैकी पडणार.

मावशी : पुढच्या वर्षी परत आहे की परीक्षा.

मुलगी : पुढच्या वर्षी? मावशी, हिचा खोकला तुम्ही ऐकला नाहीत.

मावशी : शेजारच्या मशीनवर मीच असते, बाळा. दिवसभर ऐकते. येते मी.

(मावशी बाहेरून दार ओढून घेते.)

आई : तोंड कशाला एवढंसं करतेस? जा, वही आण.

मुलगी : आता कशाला वही?

आई : पुढच्या वर्षाला. आजपासून उलटसुलट विचारायचं, मी कितीही कुरकुर केली तरी.

मुलगी : नक्की? बरं... नाइफ.

आई : मॅन, मेन. वुमन, विमेन. चाइल्ड... थांब, ठसका लागला. पाणी दे. हां. कुठं होते मी?

मुलगी : चाइल्डला.

आई : छे, असं मधूनच नाही जमत.

मुलगी : मग मॅनपासून घे, आई. मी थांबते.