दोन चंद्र, एक बादली

लेक : मान हलवू नका बाबा, गळ्याचं बटण राहिलंय. हं. मग? कादंबरी शेवटपर्यंत वाचलीत, की मधेच डुलकी?

मिस्त्री : वाचली. छापायला देणार म्हणालीस म्हणून शेवटचं पानसुद्धा सोडलं नाही.

लेक : आवडली का ते सांगा आधी.

मिस्त्री : तुझ्या त्या नगरात सगळे घंटेच्या ठोक्यावर पाऊल टाकतात. एकसारखे कपडे, एकसारखं हसू. तुझी नायिका तेवढी ठोका चुकवते, तटावरून उडी मारते आणि माळावर पळून जाते. वर दोन चंद्र.

लेक : परग्रह आहे तो.

मिस्त्री : असू दे की. दोन असोत नाहीतर चार, माझं काय जातं? पण एवढ्या माळावर विहीर एकही नाही. पिणार काय ती? आणि उडी मारताना पाय मुरगळला असता तर पाठुंगळीला कोणी घेतलं असतं?

लेक : ती स्वतंत्र झालीय, बाबा!

मिस्त्री : झाली ना. स्वतंत्र आणि तहानलेली.

लेक : माझंच चुकलं. उभा जन्म युनियन केलेल्या माणसाला एकटीची गोष्ट वाचायला दिली. पालथ्या घड्यावर पाणी.

मिस्त्री : रागावू नकोस गं. पण एका पावलानं चालतो तो मेंढरू, हे मला पटायचं नाही. मी स्वतः जन्मभर तसा चाललोय. ओतशाळेत लोखंडाचा रस बादलीत घ्यायचा, दोन्ही बाजूंचे दांडे चौघांनी धरायचे, आणि भट्टीपासून साच्यापर्यंत न्यायची. एकाचं पाऊल चुकलं की चौघांचे पाय गेले.

लेक : म्हणजे ठोका आलाच की.

मिस्त्री : ठोका होता, घंटा नव्हती. एक ताडमाड, एक बुटका, मी असा, आणि चौथा डावखुरा. दांडा सरळ ठेवायचा तर उंच माणूस गुडघ्यात वाकायचा, बुटका खांदा उचलायचा. सगळे सारखे असते तर एकमेकांकडे बघायचं कारणच नव्हतं.

लेक : हे छान आहे. हे का नाही लिहिलं मी?

मिस्त्री : तू कधी बादली उचलली नाहीस, मी कधी पुस्तक लिहिलं नाही. फिटंफाट. पण तुझं एक पान मात्र माझ्या घशात अडकलंय.

लेक : कोणतं?

मिस्त्री : नगरसभेचं. तो प्रमुख प्रश्न वाचायच्या आतच सगळ्यांचे हात वर जातात. हे कुठून सुचलं तुला?

लेक : सुचलं कुठलं? पाहिलंय. लहानपणी मला सभेला न्यायचात, मांडीवर बसवायचात. तुम्ही नुसतं 'ठराव' म्हटलंत की सगळं सभागृह हात वर करायचं. मीसुद्धा करायचे. कशासाठी ते ठाऊक नसायचं, पण मजा यायची.

मिस्त्री : आणि मी मिशीला पीळ भरायचो. एकमत! एकमत! काल ते पान वाचलं आणि आपल्याच घराच्या खिडकीतून कुणीतरी आपल्यालाच बघत असावं तसं झालं बघ.

लेक : अहो, कादंबरी आहे ती. आणि आज कशाला हे? आज तुमचा निवृत्तीचा सत्कार. सभागृहाला तुमचं नाव लागणार. मी एवढ्या लांबून आलेय ती तुमच्या गळ्यातला हार बघायला.

मिस्त्री : नावाचा ठराव दुसरा आहे. पहिला तिरप्याला युनियनमधून काढायचा.

लेक : तिरप्या कोण?

मिस्त्री : आमचा साचे बनवणारा. टोपी कायम तिरपी, म्हणून तिरप्या. संप करायचा का, असं सभेत विचारलं तेव्हा एकट्याचा हात खाली राहिला. उभा राहून म्हणाला, ही वेळ चुकीची आहे. आणि संप सुरू झाला तेव्हा सगळ्यांच्या आधी फाटकाशी येऊन बसला. संप मिटेपर्यंत हलला नाही.

लेक : मग काढताय कशाला?

मिस्त्री : बोलणी करताना मालक म्हणाले, तुमच्यातच फूट आहे. ते कमिटीच्या जिव्हारी लागलं. आता एकमत धुऊनपुसून लख्ख करायचंय. आणि आमच्याकडे नियम आहे, सभासद नाही त्याच्याबरोबर कुणी बादली उचलायची नाही. म्हणजे आज हात वर गेले की उद्यापासून तिरप्याला भट्टीपाशी जागा नाही.

लेक : आणि तुम्ही?

मिस्त्री : मी तो ठराव थांबवणार आहे.

लेक : आजच? बाबा, तुमची शेवटची सभा आहे ही. हात वर करा, हार घालून घ्या, घरी या. तुमच्या एकट्यानं काय होणार आहे?

मिस्त्री : हे तू म्हणतेस? तटावरून उडी मारणारी?

लेक : उडी ती मारते! ती कागदावर आहे. तुम्ही माझे वडील आहात. ज्यांच्याबरोबर जन्म काढला ते उद्या रस्त्यात तोंड फिरवतील. मला भीती वाटते. स्पष्ट सांगते, भीती वाटते.

मिस्त्री : मलाही वाटते. म्हणून काय पुस्तक मिटून ठेवू?

चिटणीस : मिस्त्री! झालं का? अरे वा, ताईसुद्धा आल्यात. सभागृह खचाखच भरलंय. चला, हार सुकतोय.

मिस्त्री : ये. ही माझी लेक. आणि हा आमचा चिटणीस, मीच घडवलेला. तिरप्याचा ठराव मागे घेतोस का रे?

चिटणीस : आता या क्षणी? मुद्दा असा आहे मिस्त्री, की हा व्यक्तीचा प्रश्न नाही, संघटनेच्या शिस्तीचा आहे. आज एकाला मोकळीक दिली तर उद्या दहा जण उठतील.

मिस्त्री : तिरप्या चुकला होता. संप बरोबर होता असंच मी आजही म्हणतो.

चिटणीस : मग प्रश्नच मिटला!

मिस्त्री : कुठला मिटला? तुझा पहिला दिवस सांग माझ्या लेकीला. मी सांगितलं तर तिला फुगवून सांगितल्यासारखं वाटेल.

चिटणीस : ते कशाला आता?

लेक : सांगा ना.

चिटणीस : काही नाही हो. बादली साच्यापर्यंत आली होती आणि मी ओरडलो, 'थांब!' साच्याच्या कडेला ओल दिसली. ओल्या साच्यात रस पडला तर उडतो, माणसं भाजतात. भट्टीवर रीत आहे, 'थांब' कुणीही म्हणावं. मग बादली खाली ठेवायची, आणि बादलीचा म्होरक्या विचारतो, 'काय दिसलं?'

लेक : आणि होती ओल?

चिटणीस : नाही. सावली होती. माझीच.

मिस्त्री : कुणी हसलं तुला?

चिटणीस : नाही.

मिस्त्री : कुणी म्हटलं, कालचा पोर तू, तुझं काय ऐकायचं?

चिटणीस : नाही हो. पण ती भट्टी आहे, मिस्त्री. सभागृहात काही रस उकळत नाही.

मिस्त्री : माणूस तिथंही भाजतो. नुसता धूर दिसत नाही एवढंच.

चिटणीस : हे बघा, तुम्ही मला वडिलांच्या जागी. म्हणून आधीच सांगतो. तुम्ही आज आडवे गेलात तर कमिटी दुसरा ठराव मांडायची नाही. तुमच्या नावाची पाटी तयार आहे. पितळी आहे. मला ती लावता येणार नाही.

मिस्त्री : पितळी आहे? मग वितळवा. कितपत तापवायची ते मी येऊन सांगतो.

चिटणीस : ताई, तुम्ही तरी समजवा यांना!

लेक : अर्धा तास तेच करत होते. आता मलाच यांचं पटायला लागलंय. बाबा, कोट घाला. मीही येते. कुठं बसू?

मिस्त्री : मांडीवर आता मावायची नाहीस. शेजारच्या खुर्चीत बस.

लेक : आणि एक सांगून ठेवते. मी शेवट बदलणार नाही. ती पळूनच जाणार. माळावर एक विहीर तेवढी खणून देते.

मिस्त्री : खण. पण विहीर एकटीनं खणून बघ म्हणावं तिला. माती वर कोण ओढणार?

लेक : म्हणजे परत तटाच्या आत यायचं तिनं? माणसं बोलवायला?

मिस्त्री : ते तुझं तू बघ. मी निघालो माझी माणसं थांबवायला.

(सभागृह. चिटणीस मंचावर, मिस्त्री आणि लेक पहिल्या रांगेत.)

चिटणीस : मित्रांनो, शांत व्हा. ठराव पहिला. साचे विभागातले आपले एक सभासद... वाचायची गरज नाही, सगळ्यांना माहीत आहे. हात वर. हं. छान. तर हा ठराव एकमतानं—

मिस्त्री : थांब!

चिटणीस : मिस्त्री, तुमचं भाषण सत्कारानंतर आहे.

मिस्त्री : भाषण कोण करतंय? मी फक्त थांब म्हटलं.

लेक : बाबा, मागे बघा. कुणी हात खाली घेत नाही.

मिस्त्री : कसे घेतील? सगळ्यांनी दांडा धरलाय. पुढचा शब्द आल्याशिवाय हलायचे नाहीत. आणि तो शब्द माझा नाही.

चिटणीस : मिस्त्री, हे विषयपत्रिकेत नाही.

मिस्त्री : तुझी सावली तरी कुठे होती?

लेक : बाबा, तो कोपऱ्यातला, टोपी हातात घेतलेला... तोच का?

मिस्त्री : तोच. टोपी काढलेला आज पहिल्यांदा बघतोय मी त्याला.

चिटणीस : मिस्त्री, सगळे माझ्याकडे बघतायत.

मिस्त्री : बघणारच. आज म्होरक्या तू आहेस.

चिटणीस : बादली खाली... हात. हात खाली घ्या सगळ्यांनी. काय दिसलं, मिस्त्री?